साडी आंबटओली असू दे

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. "ताई, तीनदा इस्त्री फिरवली, तरी घड्या जशाच्या तशा. चौथ्यांदा फिरवली तर करपलं," एवढं म्हणालीस आणि गप्पच झालीस. आईची लुगडी खोलीभर पसरलेली, लेक महिन्याभरात वसतिगृहात जाणार, तिच्या पांघरुणाला आजीची गोधडी द्यायची तुझी इच्छा, आणि कापड काही केल्या सपाट होत नाही. तुझ्या जिवाची घालमेल मला फोनवरूनच कळली. म्हणून आज सकाळचं आवरून तुझ्याशी बोलायलाच बसलेय. तूही चहा घे आणि निवांत ऐक.

आधी एक कर. इस्त्रीचं बटण बंद कर आणि आजचा दिवस तिला हात लावू नकोस. त्या चुण्या उष्णता वाढवून जायच्या नाहीत. त्यांना पाणी हवं, दाब हवा आणि निवायला वेळ हवा, याच क्रमाने. तू थेट इस्त्रीवर उडी मारलीस, एवढंच तुझं चुकलं.

ही घडी इतकी घट्ट का बसली, ते आधी समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप सुचेल. कापसाचा धागा म्हणजे सेल्युलोज. त्यातल्या लांबच लांब साखळ्या हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी आत शिरलं की ही पकड सुटते, धागा सैल पडतो. पाणी उडून गेलं की धागा ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत पकड पुन्हा बसते. आता आईची ट्रंक आठव. दर पावसाळ्यात त्या लुगड्यांनी हवेतली ओल ओढली आणि दर उन्हाळ्यात ती ओल घडीतल्या घडीतच सुकली, वर दहा-बारा कपड्यांचं ओझं. म्हणजे वर्षानुवर्षं त्या घडीला इस्त्रीच होत राहिली म्हण ना. ती नुसत्या इस्त्रीच्या तीन-चार फेऱ्यांत कशी मोडेल? जशी बसली तशीच मोडायची. ओल देऊन सैल करायची आणि सपाट ठेवून सुकवायची.

आता कामाला लागू. सगळ्यात आधी कापड ओळख. काल करपलं ते फुलाफुलांचं पातळ सुती नव्हतंच, माझी खात्री आहे. काठावरचे दोन-तीन धागे ओढून काढ, चिमट्यात धर आणि स्टीलच्या ताटलीवर काडीने पेटव. शेजारी पाण्याची वाटी असू दे. सुती धागा सरळ पेटतो, कागद जळल्यासारखा वास येतो आणि बोटांत चुरली तर मऊ राख होते. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसतं, वितळतं आणि निवल्यावर त्याचा टणक मणी होतो. रेशमाला जळत्या केसांचा वास येतो. टेरिकॉटमध्ये सुती आणि पॉलिस्टर दोन्ही धागे असतात, म्हणून तिथे राख आणि मणी दोन्ही दिसतील. पाच मिनिटांचं काम, पण त्याने साड्यांचे ढीग बरोबर लागतात.

टेरिकॉटचा ढीग या गोधडीतून बाजूलाच काढ. एक तर त्याला ओल फारशी लागत नाही, त्याची चुणी उष्णतेनेच सैल होते, पण जरा जास्त तापलं की चकाकी येते आणि ती कधीच जात नाही. दुसरं म्हणजे, सुती कापड धुतल्यावर थोडं आटतं, टेरिकॉट आटत नाही. दोन्ही एकाच गोधडीत घातलीस तर पहिल्या धुण्यातच एक थर आखडेल आणि दुसरा फुगेल. टेरिकॉटची वेगळी चटई शीव, दाराशी टाकायला उपयोगी पडेल. त्याला इस्त्री करायचीच झाली तर वर ओलं फडकं टाकून कर आणि इस्त्री दोन ठिपक्यांच्या पुढे नेऊ नकोस. इस्त्रीवरचे ते ठिपके बघायची सवय लाव. एक ठिपका म्हणजे साधारण ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. तीन ठिपके फक्त सुती आणि लिननला.

राहिली आईची इरकली लुगडी. यांची एक गोष्ट नीट लक्षात ठेव. इरकलीचं अंग सुती असलं, तरी पदर बहुतेक वेळा रेशमाचा नाहीतर कृत्रिम रेशमाचा असतो. अंगाचा आणि पदराचा ताणा मागावर एकमेकांत अडकवून जोडतात, त्याला टोपे तेनी म्हणतात. म्हणजे एकाच लुगड्यात दोन स्वभावांची कापडं. अंगाला तीन ठिपके चालतील, पदराला दोनच्या वर नको, आणि तीही उलट्या बाजूने. कृत्रिम रेशीम ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते, उलट सुती धागा ओला असताना अधिक बळकट असतो. म्हणून पदर कधी पिळायचा नाही. आणि धुण्याआधी त्या लाल पदराचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ. रंग उतरला तर ते लुगडं एकटंच धू, गार पाण्यात. मीठ घालून रंग पक्का होईल यावर विसंबू नकोस.

आता धुणं. बादलीत कोमट पाणी घे, साबणाचे चार थेंब पुरे. लुगडं घडी पूर्ण उलगडून बुडव आणि तासभर तसंच राहू दे. घडीसकट बुडवलंस तर मधल्या थरांपर्यंत पाणी नीट पोचत नाही. घासायचं नाही, आपटायचं नाही, नुसतं वरखाली खेळवायचं. दोन पाण्यांतून काढ. मग न पिळता मोठ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाब. पिळलंस तर जुन्या चुण्या जातील आणि पीळ पडलेल्या नव्या येतील. वाळत घालताना दोघींनी दोन टोकं धरून झटका, काठाला काठ जुळवा आणि सावलीत घाला. तुझी लेक घरात आहे ना, तिला हाताशी घे. आई आपल्याला कशी समोरासमोर उभी करायची, आठवतं? "ओढा गं सरळ, तिरकं नको" म्हणायची. तिचं बरोबर होतं. कापड उभ्या धाग्यात ओढलं की सरळ होतं, उरेब ओढलं की बेढब होतं.

आणि इथेच खरी मेख आहे. लुगडं कडकडीत वाळू देऊ नकोस. आंबटओलं असतानाच काढ, म्हणजे हाताला गार लागेल पण पाणी जाणवणार नाही. ही वेळ चुकली तर वाळलेल्या कापडावर पाणी शिंपड, सैलसर गुंडाळी कर, टॉवेलमध्ये बांध आणि अर्धा-पाऊण तास ठेवून दे. आपल्या गल्लीतले परीट काका पाणी शिंपडून गठ्ठे बांधून ठेवायचे, मग कोळशाची इस्त्री घ्यायचे. लहानपणी वाटायचं, काका उगाच वेळ काढतायत. ओल सगळीकडे सारखी मुरावी म्हणून ती वाट बघणं असे. इस्त्री करताना फसकन पाणी मारून लगेच फिरवलं तर ते पाणी वरच्या वर उडून जातं, धाग्याच्या आत जातच नाही. तू काल तेच केलंस.

इस्त्रीला टेबल लहान पडेल, जमिनीवरच बस. खाली मेंढीच्या लोकरीची घोंगडी दुहेरी घाल, तिच्यावर स्वच्छ सुती चादर. लोकर उष्णता धरून ठेवते आणि खालूनही वाफ देते. घोंगडी नसेल तर जाड सतरंजी चालेल, पण ते गुळगुळीत केसाळ ब्लँकेट मुळीच नको. ते बहुतेक कृत्रिम धाग्याचं असतं, इस्त्रीखाली वितळेल.

आता एक चुणी घे, एकच. ट्रंकेतली मधली घडी घे, जी सगळ्यात नाठाळ आहे. बोटाने चाचपून बघ, एका बाजूने तिचा कणा वर आलेला लागेल. कापड उलटं कर, कणा खाली येऊ दे. घडीच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवून उभ्या धाग्यात हलकेच ताण दे. मग गरम इस्त्री त्या रेषेवर टेकव, ओढू नकोस. मनात दहा आकडे मोज. वाफ वर येताना दिसेल. इस्त्री उचल आणि लगेच त्या जागी देवघरातला लाकडी पाट दाबून ठेव. हो, पाटच. शिंपी लोक यासाठी लाकडाचा ठोकळा वापरतात, आपल्याला पाट पुरतो. लाकूड वाफ शोषून घेतं आणि उष्णता हळूहळू सोडतं, तोवर कापड सपाटच राहतं. पाट गुळगुळीत आणि रंग न लावलेला घे. अर्ध्या मिनिटाने उचलून बघ. रेष पुसट झालेली दिसेल. तरी थोडी राहिली तर पुन्हा ओल, पुन्हा दाब, पुन्हा पाट. तिसऱ्या वेळेला बहुतेक घड्या हार मानतात. तुकडा गरम असताना उचलून खुर्चीवर टाकू नकोस. मऊ कापड गरम असताना जसं पडेल तशी चुणी धरतं. पूर्ण निवल्याशिवाय जागचं हलवायचं नाही.

इस्त्री घासायची सवयही सोड. शर्टाला ते चालतं, गोधडीच्या तुकड्याला नाही. घासत ओढलं की विरलेलं कापड ताणतं, चौकोनाचा नकळत पतंग होतो आणि मग शिवताना कोपरे जुळत नाहीत. टेकव, थांब, उचल, पुढे टेकव. हात तसा चालला पाहिजे.

एवढं करूनही एखादी पांढुरकी, खरखरीत रेष राहिली तर ती पाण्यातल्या क्षारांची आणि जुन्या साबणाची असू शकते. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं वापरलं की असं होतं. खाण्याचं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग घे, फडक्याने त्या रेषेवर लाव, पाच-दहा मिनिटं थांब आणि मग दाब दे. आधी आतल्या कोपऱ्यावर रंगाची परीक्षा घे, जरीला लावू नकोस आणि नंतर साध्या पाण्याने धू. एक मात्र काळजी घे, बाळा. कपडे पांढरे करायचं ब्लीच आणि व्हिनेगर कधी एकत्र येऊ देऊ नकोस, त्यातून विषारी वायू निघतो.

खूप धुवून मऊ झालेल्या सुती तुकड्यांना पातळ खळ दे. दोन छोटे चमचे तांदळाचं पीठ गार पाण्यात गुठळी न होता कालव, लिटरभर उकळत्या पाण्यात सोड, पारदर्शक होईस्तोवर ढवळ आणि गाळून घे. खळीतून काढलेलं कापड आंबटओलं असताना दाबलं की सपाट राहतं, कातरीखाली सरकत नाही. पण खळीचे तुकडे महिनोन्‌महिने ठेवायचे नाहीत, खळीला कसर लागते. गोधडी शिवून झाली की पहिल्याच धुण्यात खळ जाऊ दे.

आता तुला माझं सांगते, कारण ही चूक तू करू नयेस असं मला मनापासून वाटतं. माझ्या थोरल्याच्या वेळी मी दुपटं शिवलं. वरचा आणि खालचा थर छान इस्त्री करून घेतला. आतले तुकडे कोण बघणार म्हणून तसेच पसरले. शिवून झालं, देखणं दिसत होतं. बाळाला त्यावर निजवलं आणि पाठीखाली हात घातला तर मधोमध सुतळीसारखा एक उंचवटा हाताला लागला. आतल्या थरातली एक घडी टाक्यांखाली दुमडून बसली होती. इस्त्री तिच्यापर्यंत पोचेना, धुऊन ती बसेना. शेवटी सगळे टाके उसवले. बाळाच्या पाठीवर उमटलेला लाल वळ बघितला तेव्हा जे वाटलं ते अजून विसरले नाही. वरची चुणी केव्हाही काढता येते गं, पोटातली चुणी शिवली की कायमची. म्हणून आतल्या प्रत्येक थराला तितकीच मेहनत घे. कुणाला दिसत नसली, तरी निजणाऱ्या अंगाला ती कळते.

आणि आता ज्याच्यासाठी तू रडवेली झालीस, ते आईचं हिरवं लुगडं. त्यातली ती मधली रेष जाणार नाही, असं मला आत्ताच वाटतंय, कारण फोनवर तू म्हणालीस की ती रेष फिकट दिसते. कापड ओलं करून खिडकीशी उजेडात धर. धागे शाबूत असतील आणि नुसतं वळण दिसत असेल तर ती चुणी, ती जाईल. पण त्या रेषेतून उजेड जास्त येत असेल, धागे केसाळ झाले असतील, रंग उडाला असेल तर ती चुणी नाहीच. तिथे कापड विरलंय. वर्षानुवर्षं त्याच कण्यावर घडी पडून धागा मोडलाय. तिथे इस्त्री, व्हिनेगर, खळ यांचं काही चालत नाही. जास्त दाबलंस तर तिथेच फाटेल. हा फरक ओळखलास की तुझी अर्धी चिंता मिटेल. जे जाण्यासारखं आहे त्याला वेळ दे, जे विरलंय त्याला आधार दे.

आधार कसा द्यायचा, हे आपल्या बायकांना नवं नाही. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग कापून चांगली टोकं जोडायची, त्याला दंड घालणं म्हणायच्या. आईने किती लुगड्यांना दंड घातले असतील! तूही तेच कर. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, त्यातून दोन-दोन मीटरचे चार तुकडे सहज निघतात. विरलेली रेष मधे येणार नाही असं आखून काप. रेष टाळता आलीच नाही तर तो तुकडा वरच्या थरात घालू नकोस, मधल्या थरात घाल, दोन्ही बाजूंनी चांगल्या कापडाच्या कुशीत. टाके त्या रेषेला आडवे जाऊ देत. प्रत्येक टाका तिला दोन्हीकडून धरून ठेवील.

सगळे थर जमिनीवर अंथरशील तेव्हा मधून कडेकडे तळहात फिरवून हवा काढ. मग लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घे, वीतभर अंतरावर आडवे-उभे. आपल्याकडे गोधडी कडेपासून आत फेऱ्या घेत शिवतात. टाचलं नाही तर प्रत्येक फेरीबरोबर सैल कापड आत ढकललं जातं आणि शेवटी मधोमध फुगा येतो. तो फुगा म्हणजे नवी चुणी, आणि ती तू स्वतः शिवलेली. म्हणून टाचण्याचा कंटाळा करू नकोस.

राहिलेली लुगडी परत ट्रंकेत जातील तेव्हा जुन्या घडीवर घालू नकोस. पूर्ण कोरडी करून जुन्या सुती चादरीबरोबर गुंडाळी कर. पावसाळा संपला की दसऱ्याच्या आसपास काढ, हवा दे आणि वेगळ्या जागी घडी घाल. पुढे तुझ्या लेकीला हा त्रास होणार नाही.

शिवून झाली की गोधडी धू आणि वाळू दे. वाळल्यावर प्रत्येक धावदोऱ्याच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक लाटा उठलेल्या दिसतील. लगेच इस्त्री घेऊन धावू नकोस! त्या लाटा असू देत. दोरा कापडाला धरतो त्याची ती खूण. ट्रंकेने पाडलेल्या घड्या काढायच्या, हाताने पाडलेल्या ठेवायच्या. आईच्या गोधडीवर आपण बोट फिरवत निजायचो ना, त्या याच लाटा.

आता ते हिरवं लुगडं येत्या रविवारी भिजत घाल. त्या दिवशी मी येते, येताना माझा पाट आणि घोंगडी घेऊन येते. झटकायला आपण दोघी असू.